करारांचं सॉफ्टवेअर घेण्याआधी आपलं कपाट उघडा

चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतीतला शंभर-दीडशे माणसांचा एखादा कारखाना घ्या, सुटे भाग बनवून मोठ्या कंपन्यांना पुरवणारा. मालकाला विचारलं, "चालू करार किती?" तर उत्तर येतं, "असतील वीस-पंचवीस." मोजायला बसलं की आकडा सहज शंभरापलीकडे जातो. स्टीलचा दरकरार, जॉबवर्कवाल्यांचे करार, लेबर कॉन्ट्रॅक्टर, सिक्युरिटी, कँटीन, वाहतूक. कॉम्प्रेसर, जनरेटर, क्रेन आणि सीएनसी मशीनच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार. गोदामाचं लीव्ह अँड लायसन्स, ग्राहक कंपन्यांचे सप्लाय अ‍ॅग्रीमेंट, डाय आणि टूलिंगचे करार, गोपनीयतेचे करार. कागद पाच ठिकाणी पडलेले असतात: अकाउंट्सच्या कपाटात, परचेसवाल्याच्या लॅपटॉपमध्ये, एचआरच्या फाइलीत, प्लांट हेडच्या ईमेलमध्ये आणि काही थेट सीएच्या ऑफिसात.

अशा धंद्याला करार व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर विक्रेत्यांना बोलावण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमचे पैसे गळतात कुठे? डेमोत सगळा झगमगाट मसुदा बनवण्यावर असतो. दोन ओळी टाइप करा, एआय करार लिहून देईल, समोरच्याने बदललेली वाक्यं लाल रंगात दाखवेल. महिन्याला पन्नास नवे करार करणाऱ्या कंपनीला त्याचा उपयोग आहेच. पण आपण बोलतोय त्या कारखान्यात निम्मे करार ग्राहकाच्याच छापील मसुद्यावर होतात, त्यात एक शब्द बदलून मिळत नाही. इथलं नुकसान सही झाल्यानंतर होतं. नोटिशीची तारीख उलटते आणि महागडी एएमसी आणखी एका वर्षासाठी गळ्यात पडते. दरवाढ मागायचा हक्क असतो, पण ती मागायची आठवण कुणाला राहत नाही. बँक गॅरंटी संपते. ठेकेदाराचा परवाना संपलेला असतो आणि माणसं तरीही गेटच्या आत असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लहान-मध्यम उद्योगाने हे सॉफ्टवेअर तारखा आणि जबाबदाऱ्या सांभाळण्यासाठी निवडावं, मसुदा लिहिण्यासाठी नव्हे.

आधी यादी, मग डेमो

एक साधी एक्सेल शीट उघडा आणि मिळेल तो करार त्यात नोंदवा. रकाने एवढे हवेत: पक्षकाराचं नाव (पॅन आणि जीएसटी नोंदणीत आहे तसंच), कराराचा प्रकार, सुरुवात, शेवट, नूतनीकरण आपोआप की संमतीने, नोटिशीचे दिवस, दर बदलण्याची तारीख आणि पद्धत, पेमेंटचे दिवस, अनामत किंवा बँक गॅरंटी, वाद कुठल्या गावच्या कोर्टात किंवा लवादाकडे जाईल, मुद्रांकाची रक्कम आणि क्रमांक, आपल्याकडचा जबाबदार विभाग, आणि मूळ कागद कुठल्या कपाटात, कुठल्या फाइलीत आहे. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात. पण कोर्टात किंवा लवादापुढे मूळ स्टँप पेपर दाखवायची वेळ येते तेव्हा स्कॅनने भागेलच असं नाही.

कराराच्या अटी वाचता येणाऱ्या माणसाला एका करारामागे वीस ते तीस मिनिटं लागतात. १२० करार धरले आणि सरासरी पंचवीस मिनिटं, तर पन्नास तास. म्हणजे एका माणसाचं आठवड्याहून थोडं जास्त पूर्णवेळ काम. ते टाळून थेट सॉफ्टवेअर घेतलं तर हेच काम नंतर करावं लागतं, आणि तोवर लायसन्सचं मीटर चालू झालेलं असतं.

यादी पूर्ण झाली आणि चालू करार चाळीस-पन्नासच्या आत निघाले, तर सॉफ्टवेअर घेऊ नका. हीच शीट, एक शेअर्ड फोल्डर आणि कंपनीच्या कॅलेंडरमधल्या आठवणी एवढ्यावर काम उत्तम चालतं. अट एकच: ती शीट एका ठराविक माणसाच्या ताब्यात असावी आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती वाचली जावी. शंभराच्या वर गेलात, किंवा करार तीनहून जास्त विभागांत विखुरलेले असतील, तर मग शीट पुरत नाही. कोण कधी काय बदलतो ते कळत नाही आणि एकाच कराराच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या अंतिम तारखा सांगायला लागतात.

तारखांची परीक्षा

डेमोत "आम्ही रिमाइंडर देतो" हे वाक्य सगळेच म्हणतात. खरा प्रश्न असतो, कशाचा रिमाइंडर? बरीच स्वस्त उत्पादनं फक्त कराराच्या अंतिम तारखेचा इशारा देतात. करार ३१ मार्चला संपतो आणि ९० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर आपोआप एक वर्षाने वाढतो, अशा करारात ३१ मार्चला काहीच अर्थ नसतो. कामाची तारीख ३१ डिसेंबर. लीप वर्ष असेल तर तीच १ जानेवारी होते. करारात "तीन महिने" लिहिलं आहे की "९० दिवस" यानेही दिवस हलतो. शिवाय बहुतेक करारांत नोटीस पाठवून पुरत नाही, ती पोचावी लागते, आणि कशाने पाठवायची तेही लिहिलेलं असतं: रजिस्टर्ड पोस्ट, कुरिअर की ईमेल. म्हणून पहिला इशारा १ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे १२० दिवस आधी यायला हवा, कारण दुसऱ्या पुरवठादाराकडून कोटेशन मागवायलाच तीन आठवडे जातात. सॉफ्टवेअरला नोटिशीचे दिवस सांगितले की ही तारीख ते स्वतः काढतं का, एका करारावर तीन-चार वेगवेगळे इशारे लावता येतात का, हे डेमोत समोर बसून करून घ्या.

इशारा कुणाला जातो हेही तितकंच महत्त्वाचं. तो माणसाच्या नावाने नको, पदाच्या नावाने हवा. परचेस मॅनेजर नोकरी सोडून गेला, आयटीने त्याचा मेल बंद केला आणि पुढचे सगळे इशारे त्या बंद पेटीत जात राहिले, हे सर्रास घडतं. इशारा सात दिवस कुणी उघडला नाही तर तो आपोआप वरच्या माणसाकडे जायला हवा. ही सोय नसेल तर ते उत्पादन यादीतून काढून टाका, मग बाकी कितीही चांगलं असो.

मग येतात घटनेवर अवलंबून असलेल्या तारखा. "पहिला माल पोचल्यापासून ३६ महिने", "मशीन कमिशनिंग झाल्यापासून एक वर्ष वॉरंटी". सही करताना ही तारीख कुणालाच माहीत नसते. सॉफ्टवेअरमध्ये ती जागा मोकळी ठेवून नंतर भरता यायला हवी, आणि ती मोकळी आहे याची आठवणही व्हायला हवी. अंतिम तारीख भरल्याशिवाय करार सेव्हच होऊ न देणारी उत्पादनं असतात. तिथे माणसं काहीतरी खोटी तारीख टाकून पुढे जातात आणि ती खोटी तारीख पुढे कायम राहते.

बँक गॅरंटीला दोन तारखा असतात: ती संपण्याची आणि तिच्यावर दावा करण्याची. दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने मागा. एकच रकाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी दाव्याची तारीख भरतो, कुणी संपण्याची, आणि वर्षभराने कुणालाच कळत नाही की समोर दिसतेय ती कुठली.

वाहतुकीच्या करारात डिझेलचं कलम असतं: अमुक मूळ दर धरला, त्यात इतका फरक पडला की भाडं इतकं बदलेल. स्टीलच्या करारातही दर तिमाहीला असंच असतं. हे सूत्र सॉफ्टवेअर स्वतः चालवेल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक उत्पादनांत ते जमत नाही, आणि जिथे जमतं तिथे ते बसवून घेण्याचा खर्च या आकाराच्या धंद्याला झेपत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला योग्य माणसाला "डिझेलचा दर तपास" एवढी आठवण आणि सोबत कलमाचा मजकूर आला तरी पुरे.

पेमेंटचे दिवस हा रकाना का हवा तेही सांगतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्यात २०२४-२५ या आकारणी वर्षापासून १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं. मुदत उलटून दिलेल्या पैशांची वजावट मग प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच मिळते. तुमच्या जुन्या छापील करारात "९० दिवस क्रेडिट" लिहिलं असेल तर ते पुरवठादाराने सही केलं म्हणून टिकत नाही. म्हणून पुरवठादाराचा उद्यम क्रमांक (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा), त्याची वर्गवारी आणि पेमेंटचे दिवस हे तीन रकाने एकत्र असावेत आणि "लघु, ४५ पेक्षा जास्त" अशी गाळणी लावून एका क्लिकवर यादी निघावी. व्यापारी म्हणून नोंदलेल्यांना ही तरतूद लागू होत नाही, त्यामुळे वर्गवारीचा रकाना नुसता "एमएसएमई: हो/नाही" असा नको.

लेबर, सिक्युरिटी आणि कँटीनच्या करारांना शेपटं असतात: ठेकेदाराचा परवाना, पीएफ-ईएसआयसीची चलनं, सुरक्षा एजन्सीचा 'पसारा' (PSARA, खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा) कायद्याखालचा परवाना, खाद्यपदार्थांचा परवाना, विमा. मूळ करार तीन वर्षांचा असतो आणि ही कागदपत्रं मध्येच कधीतरी संपतात. एका कराराखाली अशी जोडपत्रं त्यांच्या स्वतंत्र मुदतीसह लावता येत नसतील तर ते सॉफ्टवेअर म्हणजे महागडं फोल्डर आहे.

सही आणि मुद्रांक: इथेच जास्त गोंधळ

ई-सही चालते का, हा प्रश्न आता जुना झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०ए प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. पण सगळ्या ई-सह्या सारख्या नाहीत. आधार ओटीपीवर चालणारी ई-सही आणि डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट (म्हणजे ते यूएसबी टोकन) या दोन्हींना कायद्याने खास मान्यता आहे. मेलवर आलेल्या लिंकवर क्लिक करून नाव टाइप करायचं किंवा बोटाने सही काढायची, या प्रकारात करार होतो, पण उद्या समोरचा "ही सही माझी नाही" म्हणाला तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर जास्त येतं. गोपनीयतेच्या करारापुरतं ते चालेल. दोन कोटींच्या सप्लाय अ‍ॅग्रीमेंटसाठी मी ते सुचवणार नाही.

आधार ई-सहीतही अडचणी आहेत. आधारला जोडलेला मोबाइल जुना असतो. आधारवरचं नाव आणि करारातलं नाव जुळत नाही, करारात वडिलांचं नाव मध्ये असतं आणि आधारवर नसतं, किंवा आडनाव आधी आलेलं असतं. परदेशी संचालकाकडे आधार नसतं. त्यामुळे एकाच कागदावर एका पक्षाची आधार सही आणि दुसऱ्याची टोकनवरची किंवा परदेशी पद्धतीची सही घेता येते का, हे विचारा. सही झालेला पीडीएफ संगणकावर उघडला की कधीकधी हिरव्या खुणेऐवजी प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची सेटिंग केलेली नसते, एवढंच. ती एकदा करून ठेवली की अकाउंट्सचे फोन थांबतात. आणि लक्षात ठेवा, ई-सही त्या फाइलीत असते. तिचं प्रिंट काढून फाइल डिलीट केली तर हातात मूळ कागद उरत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडायला त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलीची हॅश किंमत (फाइलीचा जणू बोटाचा ठसा, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा) नोंदवावी लागते. विक्रेत्याला विचारा: सहीच्या वेळची हॅश, वेळ, आयपी पत्ता, कुणी कधी उघडलं याचा माग, हे सगळं कराराबरोबर डाउनलोड होतं का? तुमची सदस्यता संपल्यावरही ते तुमच्याकडे राहतं का?

काही कागद या वाटेने जातच नाहीत. मृत्युपत्र, ट्रस्ट आणि सर्वसाधारण मुखत्यारपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. आपल्याकडच्या उद्योगाला जास्त भिडणारा कागद म्हणजे गोदामाचं लीव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी करावीच लागते, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. "अकरा महिने म्हणजे नोंदणी नको" हे इतर राज्यांतून आलेलं शहाणपण इथे चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ई-सही करून हा करार पूर्ण झाला असं समजू नका. नोंदणी विभागाच्या प्रणालीतून तो करा आणि नोंदवलेली प्रत सॉफ्टवेअरमध्ये चढवा.

आता मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांवरचं किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० झालं. जुनी टेम्पलेट्स आणि जुने कारकून अजूनही शंभराचा स्टँप लावतात. आपल्या राज्याच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे स्टँप सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी लागायला हवा. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो, आणि पुरता स्टँप नसलेला दस्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की स्टँप नसल्याने करार रद्दबातल होत नाही, ही दुरुस्त करता येणारी त्रुटी आहे. दिलासा आहे, पण दुरुस्ती करायची वेळ नेमकी भांडण सुरू झाल्यावर येते आणि तेव्हा दंडासकट भरावं लागतं.

ई-सही आणि ई-स्टँप एकत्र देणारी सेवा घेताना चार प्रश्न लेखी विचारा. स्टँप महाराष्ट्राचा लागतो की दुसऱ्या राज्याचा? तो कुणाच्या नावाने घेतला जातो? मुद्रांक कायद्याच्या कुठल्या अनुच्छेदाखाली? आणि सही आधी होते की स्टँप? सोय म्हणून दुसऱ्या राज्याचा स्वस्त स्टँप लावून करार केला आणि काम इथलं असेल, तर फरकाची रक्कम इथे भरावीच लागते. स्टँप पेपर आधीच गठ्ठ्याने घेऊन ठेवण्याची सवयही सोडा. खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला पेपर बाद होतो. सॉफ्टवेअरच्या वर्कफ्लोमध्ये क्रम असा बसवा: मसुदा पक्का, मंजुरी, स्टँप, मग सही. स्टँप क्रमांक भरल्याशिवाय सहीची पायरी उघडूच नये, एवढी अडवणूक जरूर ठेवा.

दहा अवघड कागद

विक्रेता डेमोला स्वतःचा स्वच्छ, टाइप केलेला इंग्रजी करार आणतो. तो बघून काहीच कळत नाही. आपल्या यादीतले सगळ्यात त्रासदायक दहा कागद निवडा आणि तेच त्याला चढवायला सांगा. त्यात हे असू द्या: फिकट झालेला जुना स्कॅन, मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का असलेला स्टँप पेपर, हाताने खोडून शेजारी छोटी सही केलेला करार, एक मूळ करार आणि त्यावरची तीन दुरुस्तीपत्रं, ग्राहकाचा साठ पानी करार, आणि एक मराठीतला. ग्रामपंचायत, नगरपालिका, शेतजमिनीतून जाणाऱ्या रस्त्याची संमती, स्थानिक वाहतूकदार, असे मराठी कागद प्रत्येक कारखान्यात असतात. स्कॅन ३०० डीपीआयवर करा, दोन्ही बाजूंनी.

मराठी कागदावर बहुतेक सॉफ्टवेअर कोलमडतं आणि त्यामागे ठोस कारण आहे. जुने करार श्रीलिपीसारख्या, युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची समान पद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर "करारनामा" दिसतं, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. शोधपेटीत "करार" टाइप केलं की शून्य निकाल. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही गडबड होते. मजकूर कॉपी केला की ऱ्हस्व इकार जागा सोडून पुढे-मागे होतो, जोडाक्षरं तुटतात. म्हणून परीक्षेसाठी मुद्दाम "किंमत", "निविदा", "संपुष्टात" असे शब्द शोधून बघा. "मुदत" सापडतं आणि "किंमत" सापडत नाही, म्हणजे इकाराची तीच भानगड आहे. जुन्या फाँटच्या फाइलींसाठी उपाय दोनच: मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा, नाहीतर पान चित्र म्हणून घेऊन त्यावर मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारा प्रोग्रॅम) चालवायचं. विक्रेता "आम्ही सर्व भारतीय भाषा हाताळतो" म्हणाला तरी हा शोध त्याच्यासमोर, तुमच्या कागदावर करा.

एआय तारखा आणि रकमा उचलून रकाने भरतं, त्यात खरोखर वेळ वाचतो. पण तपासणी सोडू नका. करारात ०४/०५/२०२४ लिहिलं आहे. आपण ते ४ मे वाचतो. अमेरिकी पद्धतीवर घडलेलं सॉफ्टवेअर ५ एप्रिल वाचतं. सुरुवात २९ दिवसांनी सरकली की शेवट, नोटीस, दरवाढ सगळंच सरकतं, आणि पडद्यावर मात्र सगळं नीटनेटकं दिसतं. महिना अक्षरात दाखवण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्या.

दुरुस्तीपत्रांची परीक्षा सगळ्यात बोलकी असते. मूळ करारात दर एक, दुसऱ्या पत्रात तो बदलला, तिसऱ्यात फक्त मुदत वाढवली. आता आज लागू असलेला दर कोणता, हे सॉफ्टवेअर एका पानावर दाखवतं का? की चार फाइली एकाखाली एक ठेवून तुम्हालाच वाचायला लावतं? शिवाय परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला छापलेल्या अटी मूळ कराराशी भिडत असतील तर कुठल्या अटी वरचढ, हेही कुठेतरी नोंदवलेलं हवं.

कुठल्या गटातलं घ्यायचं

बाजारात मोजके गट आहेत. आयसर्टिस (ज्याचं मोठं केंद्र पुण्यात आहे), सिरिऑन यांसारखी मोठ्या उद्योगसमूहांसाठीची उत्पादनं: हजारो करार, अनेक देश, बसवायला महिने. आपल्या कारखान्याला ती मोठी होतात. झोहो काँट्रॅक्ट्स, स्पॉटड्राफ्ट अशी मध्यम उद्योगांना झेपणारी. लीगॅलिटी, डिजिओ, साइनडेस्क अशा सेवा ज्यांची खरी ताकद ई-सही आणि मुद्रांकात आहे. आणि चौथा पर्याय म्हणजे तुमच्या ईआरपीतच (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मिळणारं कराराचं मॉड्यूल. नाव बघून ठरवू नका. वरच्या तारखांच्या परीक्षेत आणि दहा कागदांत जे टिकेल ते घ्या. सहीची सेवा एकाची आणि करारांची नोंद दुसऱ्याची, अशी जोडीही चालते, फक्त सही झालेली फाइल आपोआप नोंदीत येते ना, ते पाहा.

मंजुरीच्या पायऱ्या तीनच्या वर नेऊ नका. पाच-सहा पायऱ्या ठेवल्या की माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" घेऊन सही करून टाकतात आणि करार सॉफ्टवेअरमध्ये नंतर येतो, किंवा येतच नाही. रकमेनुसार अधिकार ठरवा, मंजुरी देणारा रजेवर असेल तर कुणाकडे जाईल ते आधीच भरून ठेवा.

किंमत आणि निघून जाण्याची वाट

किंमत नेहमी तीन वर्षांची काढा. लिहिणारे चार, मंजुरी देणारे सहा, नुसते बघणारे वीस असतील तर बघणाऱ्यांचंही पूर्ण लायसन्स लागतं का, हे आधी विचारा. फरक मोठा पडतो. वर्षाला १२० कागद आणि प्रत्येकावर सरासरी तीन सह्या म्हणजे ३६० ई-सह्या. त्यांचे आगाऊ घेतलेले क्रेडिट वर्षअखेरीस बाद होतात की पुढे जातात? बसवण्याचं शुल्क, जुने करार चढवण्याचं शुल्क, टॅली किंवा एसएपीशी जोडणी, प्रशिक्षण, दुसऱ्या वर्षापासूनची दरवाढ आणि १८ टक्के जीएसटी, सगळं एका कागदावर मांडा. डॉलरमध्ये बिल देणाऱ्या परदेशी कंपनीकडून घेतलं तर जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, आणि रुपया घसरला की बजेट हलतं.

सेवा ९९.५ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलं असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं बंद राहायची मुभा त्यांनी घेतलेली असते. करारांच्या नोंदीसाठी ते ठीक आहे, ३१ मार्चच्या संध्याकाळी सह्या घ्यायच्या असतील तर नाही. करारांत माणसांचे पॅन, आधार, पत्ते असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. आता होणाऱ्या तीन वर्षांच्या करारात ती मुदत येतेच. डेटा कुठे ठेवला जातो, फुटला तर किती तासांत कळवणार, हे करारात हवं.

सगळ्यात जास्त भांडायचं कलम म्हणजे निघून जाण्याचं. त्यात नेमकं लिहून घ्या: सदस्यता संपल्यापासून किमान ९० दिवस डेटा उपलब्ध राहील, सर्व फाइली मूळ पीडीएफमध्ये, प्रत्येक सहीच्या मागासह मिळतील, सगळे रकाने सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) मिळतील, आणि प्रत्येक ओळीत संबंधित फाइलीचं नाव असेल. ही शेवटची अट नसेल तर हातात १२०० फाइली आणि एक शीट येते आणि कुठली फाइल कुठल्या ओळीची हे हाताने जुळवत बसावं लागतं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने, कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात. सॉफ्टवेअर बदललं तरी करार तेवढा काळ तुमच्या हातात हवेत.

आणि हे कलम नुसतं वाचू नका. चाचणीच्या पहिल्या महिन्यात दहा करार चढवा, चार माणसांना वापरू द्या, मग सगळं बाहेर काढून मागा. एक्स्पोर्ट केलेली शीट एक्सेलमध्ये उघडा: मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली का, तारखा मजकूर बनल्या का, दुरुस्तीपत्रं मूळ कराराला जोडलेलीच आली का, ते ओळीओळीने तपासा. त्यात जी खोट निघेल ती पैसे भरण्याआधी दुरुस्त करून मागा.